सहा महिन्यांत फुल स्टॅक, आणि पुढे काय?

धुळ्यात देवपूरकडे निघालात किंवा जळगावात कुठल्याही कॉलेजच्या रस्त्याला लागलात की विजेच्या खांबांवर एक फलक दिसतोच. ‘फुल स्टॅक डेव्हलपर व्हा. फक्त सहा महिन्यांत. १०० टक्के प्लेसमेंट.’ खाली पुण्याचा पत्ता आणि मोबाईल नंबर. खांब चुकवला तर तोच मजकूर इन्स्टाग्रामवर रील होऊन समोर येतो. त्यात हिंजवडीतली काचेची इमारत असते, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा असतो आणि त्याच्या डोक्यावर पॅकेजचा आकडा तरंगत असतो.

मी सहा-सात वर्षं वेब डेव्हलपर म्हणून काम करतोय. इंजिनिअरिंग खानदेशातच केलं, नोकरी पुण्यातल्या कंपनीत आहे, आणि गेली दोन-तीन वर्षं नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो. त्यावरून माझं म्हणणं सरळ मांडतो. वेबचं काम चांगलं आहे आणि ते संपलेलं नाही. मात्र या फलकांवर जे विकलं जातं त्याचा त्या कामाशी फारसा संबंध उरलेला नाही. ज्या नोकरीच्या आशेवर ही फी घेतली जाते ती नोकरी आटत चालली आहे, विकणाऱ्यांना हे ठाऊक आहे, आणि तरी वसुली चालू आहे. ती वसुली कापसाच्या आणि केळीच्या पैशातून होते. आणि खानदेशातली कॉलेजं, व्यापारी, पुण्यात स्थिरावलेले आम्ही लोक, असे सगळे मिळून या धंद्याला गिऱ्हाईक पुरवतो.

आधी हिशोब

पैशाचं बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच असतो. माझ्या पाहण्यातल्या कोर्सची फी ४० हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. मधला आकडा म्हणून ६० हजार धरू. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि मेस मिळून महिन्याला १० हजार धरले तर सहा महिन्यांचे ६० हजार. कोर्स संपल्यावर नोकरी शोधण्यात आणखी सहा महिने सहज जातात, त्याचे ६० हजार. झाले १ लाख ८० हजार. यात लॅपटॉप नाही, आणि दिवाळीला गावी येण्याचं ट्रॅव्हल्सचं भाडंही नाही.

समोर काय आहे? मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला मिळणारं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडकून बसलं आहे. या काळात पुण्यातलं खोलीभाडं, मेसची थाळी, गावाकडचं डिझेल, खत, सगळं वाढलं. पॅकेज तिथंच आहे. आणि कोर्समधून बाहेर पडलेल्या मुलांना घेणाऱ्या लहान कंपन्या साडेतीन लाखही देतातच असं नाही. काही आधी तीन महिने बिनपगारी इंटर्नशिप करून घेतात, मग बॉण्ड लिहून घेतात.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ या शब्दांचा करारातला अर्थ बहुतेकदा ‘प्लेसमेंटसाठी मदत’ एवढाच असतो. म्हणजे नोकऱ्यांच्या जाहिराती व्हॉट्सॲप ग्रुपवर ढकलल्या जातात. फी ‘नो कॉस्ट ईएमआय’ने घेतली असेल तर ते कर्ज असतं, आणि ते क्लासने घेतलेलं नसतं, तुम्ही किंवा तुमच्या वडिलांनी घेतलेलं असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहतो. सही करताना हे कोणी सांगत नाही, कारण सही करून घेणाऱ्याचं कमिशन त्याच सहीवर असतं.

या साखळीचं सगळ्यात वाईट टोक म्हणजे बनावट अनुभव. नोकरी लागत नाही म्हटल्यावर काही जण पुढचं पाऊल सुचवतात: आणखी पैसे द्या, दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा तयार करून देतो. कंपन्या आता पीएफच्या नोंदींपासून सगळं तपासतात. पकडला गेलेला मुलगा त्या नोकरीतून जातोच, वर त्याचं नावही डागाळतं. पत्र विकणारा दुसऱ्या नावाने दुसरं ऑफिस थाटतो.

हत्यारं मरतात

कोर्समध्ये शिकवतात काय? आज बहुतेक ठिकाणी रिॲक्ट, नोड आणि एखादा डेटाबेस. यात वाईट काही नाही, मीही तेच वापरतो. पण हत्यार शिकवून धंदा शिकवला असं म्हणणं ही फसवणूक आहे, आणि ती जुनी आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. तेव्हापासूनच्या प्रत्येक लाटेवर कोणी ना कोणी क्लास उघडला. एके काळी फ्लॅश शिकणं म्हणजे करिअर होतं. जिल्ह्याच्या गावांत मल्टिमीडियाचे बोर्ड लागले होते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद केलं. २००६ मध्ये जेक्वेरी आलं, काही वर्षं तेच सगळीकडे होतं. २०१० मध्ये अँग्युलरजेएस आलं. २०२१ च्या अखेरीस गूगलने त्याचा पाठिंबा थांबवला. रिॲक्ट २०१३ चं आहे. तेही कधीतरी जाईल.

टिकतं ते याच्या खालचं. जगातली पहिली वेबसाईट १९९१ ची आहे आणि ती आजच्या ब्राउझरमध्ये उघडते. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. पान म्हणजे काय, दुवा म्हणजे काय, फॉर्म पाठवला की तो कुठून कुठे जातो, सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर काय होतं, या गोष्टी तीस वर्षांत मुळातून फारशा बदललेल्या नाहीत. आणि त्या शिकायला फी लागत नाही. मोझिलाची एमडीएन ही संदर्भसाईट फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रामिंगचे धडे मराठी आवाजातही आहेत.

मुलाखतीला येणाऱ्या मुलांच्या बायोडेटात मला तेच ते प्रोजेक्ट दिसतात: नेटफ्लिक्स क्लोन, टू-डू लिस्ट, ई-कॉमर्स साईट. रंगसुद्धा सारखे असतात, कारण सगळे एकाच व्हिडिओवरून उतरवलेले. मी त्यांना एक साधा प्रश्न विचारतो. एका शाळेची फी भरायचा फॉर्म आहे. नेटवर्क मंद आहे. पालकाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं, काही हललं नाही, म्हणून परत दाबलं. काय होईल?

काही जण म्हणतात, पहिल्यांदा दाबल्यावर बटण बंद करू. ठीक. आणि त्याने पान रिफ्रेश करून पुन्हा दाबलं तर? इथे शांतता होते. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती ओळखतो आणि पैसे दोनदा कापत नाही, एवढंच उत्तर आहे. त्याला रिॲक्ट लागत नाही. त्याला लागतो तो एसटी स्टँडवर उभं राहून फोनवरून पैसे भरण्याचा अनुभव, आणि तो खानदेशातल्या प्रत्येक मुलाकडे आहे. ही मुलं हुशार आहेत, कष्टाळूही आहेत. सहा महिन्यांत त्यांना कोणी हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

दार अरुंद, रांग लांब

आता एआयचं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आलं. कोड लिहिणारी साधनं त्याच्या आसपासच रुळू लागली होती. मी ती रोज वापरतो. आज नेटफ्लिक्ससारखं दिसणारं पान अशा साधनाकडून काही मिनिटांत मिळतं. म्हणजे ज्या प्रोजेक्टच्या जिवावर सहा महिन्यांचा कोर्स विकला जातो, त्या प्रोजेक्टची बाजारातली किंमत शून्याजवळ आली आहे. फी मात्र तीच आहे. उलट नावात ‘एआय’ जोडून ती वाढवलीसुद्धा आहे.

‘काही होत नाही, आयटी परत उसळेल’ असं सांगून मी कोणाची समजूत काढणार नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त होते. म्हणजे अनुभवी माणूसही निर्धास्त नाही. दुसरीकडे एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या मानल्या जाणाऱ्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा काढली. वाढलेल्या जागा बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आणि एआय याच शाखांत गेल्या. दार अरुंद होत असताना रांग लांब केली, आणि त्या रांगेत उभ्या असलेल्यांना चहा-पाणी विकणारे म्हणजे हे क्लास.

माझा खरा राग इथे आहे. नवशिका माणूस लगेच उपयोगाचा नसतो, हे प्रत्येक धंद्यात खरं आहे. गवंड्याच्या हाताखालचा पोरगा आधी वीट आणि माल वाहतो, पण त्याला त्या दिवसाची मजुरी मिळते. आयटी कंपन्याही पूर्वी हेच करायच्या. नवी मुलं घ्यायच्या, काही महिने पगार देऊन शिकवायच्या, प्रोजेक्ट नसेल तर बेंचवर बसवून पगार द्यायच्या. शिकण्याचा खर्च कंपनी उचलत होती. आता कंपन्यांना ‘पहिल्या दिवसापासून तयार’ माणूस हवा असतो. तो तयार करायचा खर्च गेला कुठे? तो साक्री, पारोळा, चोपडा, अमळनेर इथल्या घरांवर आला. ज्या घरात पाच एकर कोरडवाहू आहे ते घर बड्या कंपन्यांचं प्रशिक्षण खातं चालवतंय, आणि आपण त्याला ‘पोराला आयटीत घातलं’ म्हणतो.

‘मग पुण्याला जाऊच नये का?’ हा प्रश्न येणार. माझ्या ओळखीचे अनेक जण गेले आणि त्यांचं भलं झालं. पण त्यातले बहुतेक २०२२ च्या आधी, कंपन्या भराभर माणसं घेत होत्या तेव्हा गेले. त्यांची उदाहरणं देऊन आज कोर्स विकणं म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षाचं उत्पन्न दाखवून दुष्काळात बियाणं विकण्यासारखं आहे. हातात कौशल्य असेल, मुलाखतीचं बोलावणं असेल तर जरूर जा. कोर्ससाठी मुक्काम हलवायची गरज नाही. जे त्या खोलीत प्रोजेक्टरवर दाखवतात ते तुमच्या फोनवरही दिसतं.

मुलींचा विचार या चर्चेत कोणीच करत नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर शाखेच्या वर्गात मुली पुढे असतात आणि पदवीनंतर त्यातल्या अनेकींना घरचे पुण्याला एकटं पाठवत नाहीत. ते चूक आहे, तो वेगळा भांडणाचा विषय आहे. पण जोवर तसं आहे तोवर ‘करिअर म्हणजे पुणे’ या समीकरणाचा अर्थ त्या मुलींचं शिक्षण वाया जाणं, एवढाच होतो.

राहिलेलं काम कुठे आहे

एआय पान बनवतं, मग माणसाने काय करायचं? याचं उत्तर मला एका सरकारी फॉर्ममध्ये सापडतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. म्हणजे आधारची सुरुवातच जुन्या पश्चिम खानदेशातून झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, लाडकी बहीण योजनेतल्या बायकांना वेबसाईटवर ई-केवायसी करायला सांगितलं गेलं. स्वतःच्या आधारनंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी टाकायचा होता. ज्या बाईचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय करायचं? त्या पानावर याचं उत्तर नव्हतं. शेवटी नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली आणि अशा बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं देण्याची वेगळी वाट काढावी लागली.

या फॉर्मचा कोड तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. ओटीपी येत असेल, बटण चालत असेल. पण बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी ‘विधवा बाईचं काय?’ असं वेळेवर विचारायला हवं होतं, आणि ज्याने विचारलं असतं त्याचं ऐकलंही जायला हवं होतं. वेब डेव्हलपरचं खरं काम ते आहे. एआयला सांगितलं तर तो असा फॉर्म दहा मिनिटांत बनवेल. सांगणाऱ्याला ती बाई दिसली पाहिजे.

लहान उदाहरणं तर ढिगाने आहेत. जावास्क्रिप्टमध्ये अंक तपासायचा नेहमीचा नियम फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवरून ‘९८’ टाकलं की फॉर्म म्हणतो, योग्य क्रमांक टाका. बाई परत तोच टाकते, परत तोच संदेश. तिला वाटतं आपलंच चुकतंय. दोन ओळींत सुटणारी गोष्ट आहे, पण ती सुटायला आधी कोणीतरी मराठी कीबोर्डवरून फॉर्म भरून बघायला हवा. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत देवनागरी बसवली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. जुन्या साईटवरचा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये पडून आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते, म्हणून शोधून सापडत नाही. रावेरच्या शिवारात स्वस्त फोनवर, अर्ध्या नेटवर्कमध्ये जड पान उघडायला किती वेळ लागतो हे बाणेरच्या ऑफिसातल्या वायफायवर कळत नाही.

आणि हे केवळ चांगुलपणाचं काम उरलेलं नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ई-केवायसी सगळ्यांना करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. वेबएम ही अमेरिकी संस्था २०१९ पासून दरवर्षी जगातल्या दहा लाख वेबसाईटची मुख्य पानं तपासते. दर वेळी ९० टक्क्यांहून जास्त पानांत अपंगांना अडवणाऱ्या चुका सापडतात. म्हणजे जगातलं बहुतेक वेब अजून दुरुस्तीला आलेलं आहे. आणि करिअरच्या सल्ल्यात आपण म्हणतो, वेबमध्ये काम उरलं नाही.

या सगळ्याचा खरा जाणकार कोण आहे सांगू? तहसील कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला पोरगा. ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा बोर्ड लावून तो दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो. महाडीबीटी कुठे अडकतं, फळपीक विम्याच्या पानावर कुठलं बटण दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जातं, फोटो किती केबीचा लागतो, सर्व्हर रात्री किती वाजता बरा चालतो, हे त्याला तोंडपाठ आहे. मोठ्या कंपन्या हेच ज्ञान मिळवायला ‘युजर रिसर्च’च्या नावाखाली लाखो रुपये घालतात. त्या पोराने एचटीएमएल आणि सर्व्हरची बाजू शिकून घेतली तर तो नेटफ्लिक्स क्लोनवाल्या दहा जणांना भारी पडेल. आपण त्यालाही सांगतो, भाऊ, हे सोड आणि पुण्याला कोर्स लाव.

व्यापाऱ्यांनाही दोन शब्द

जळगावात सोन्याच्या पेढ्या आहेत, एमआयडीसीत डाळ मिल, पीव्हीसी पाईप, प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने आहेत. धुळ्यात यंत्रमाग आहेत, आणि महामार्ग एकत्र येतात म्हणून ट्रान्सपोर्टचा मोठा धंदा आहे. दोंडाईचात मिरचीचा बाजार आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं आणि ती आखातात जाते. इथे पैसा नाही असं कोणी म्हणू नये.

पण वेबसाईट म्हटलं की या सगळ्यांचा भाव ठरलेला: ५ ते १० हजार. दुकानावरच्या चमकत्या बोर्डाला ४० हजार देणारा शेठ वेबसाईटला ८ देताना विचारतो, ‘पुतण्या फुकट करून देतो म्हणतो, तू काय घेशील?’ हिशोब मांडा. ८ हजारांतून डोमेन आणि होस्टिंगचे ३ हजार गेले. उरले ५. फोटो काढणं, मजकूर लिहिणं, चार वेळा रंग बदलणं, रात्री अकराला फोन घेणं, यात वीस दिवस गेले तर रोजचे २५० रुपये पडले. एवढ्यात कापूस वेचायलाही माणूस सहज मिळत नाही. मग पोरगा काय करतो? तयार टेम्पलेटमध्ये नाव बदलून देतो. त्या साईटवर पहिल्या दिवसापासून कोणी येत नाही, आणि शेठ म्हणतो, वेबसाईटचा काही उपयोग नसतो.

चूक दोघांकडे आहे, पण सुरुवात मागणीपासून होते. शेठने व्हिजिटिंग कार्ड मागितलं, म्हणून व्हिजिटिंग कार्ड मिळालं. केळी व्यापाऱ्याचं बघा. बागेत कापणी होते, ट्रक भरतो, काटा होतो, भाव बऱ्हाणपूरकडे बघून ठरतो आणि पैसे मागाहून येतात. नोंदी वहीत, चिठ्ठीत आणि व्हॉट्सॲपवर विखुरलेल्या. शेतकऱ्याला आपलं वजन, त्या दिवशीचा भाव, कपात आणि पैसे मिळायची तारीख एका पानावर मराठीत दिसली तर निम्मी भांडणं वाचतील. अशा पानाला ८ हजार नाही, दरमहा पैसे मिळायला हवेत, कारण ते दररोज चालू ठेवावं लागतं. पतसंस्था, डाळ मिल, ट्रान्सपोर्ट ऑफिस, प्रत्येकाकडे असं एक पान दडलेलं आहे. ते शोधायला धंदा आतून माहीत असावा लागतो. डाळ मिलवाल्याच्या गावचा पोरगा ते शोधू शकतो. बंगळुरूची एजन्सी शोधू शकते का, याची मला शंका आहे, आणि ८ हजारांत तर ती फोनही उचलणार नाही.

पैसा नसलेल्या कामाचंही महत्त्व आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, श्री समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्हीकडे जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं आहेत. अशा संग्रहांच्या याद्या कोणालाही घरबसल्या नीट शोधता येतील अशा मांडणं हे पहिल्या दर्जाचं वेबचं काम आहे. ज्या मुलाने असं एक काम पूर्ण केलं त्याचा बायोडेटा मी सगळ्यात वर ठेवीन.

कोणी काय करावं

कॉलेजांपासून सुरू करू. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काही हजारांत विकत मिळतो, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे, प्राध्यापकांनाही माहीत आहे. हे नाटक बंद करा. प्रत्येक गटाने गावातल्या एका खऱ्या संस्थेसाठी एक पान बनवावं आणि ते वर्षभर चालवून दाखवावं. गुण चालवण्याला द्या, पीपीटीला नको. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं. प्रत्येक गोष्टीसाठी पुण्याकडे बघावं लागू नये हा त्यामागचा अर्थ, निदान मी तरी, असा घेतो. पस्तीस वर्षांनी विद्यापीठाच्या परिसरात पुण्याच्या क्लासचे फलक असणं हा त्या अर्थाचा पराभव आहे.

सरकारकडे पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली तेव्हा पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. धुळे आणि जळगाव या दोन्ही महापालिकांनी, बाजार समित्यांनी, विद्यापीठाने यातून वेबचे प्रशिक्षणार्थी घ्यावेत, त्यांच्यावर एक अनुभवी माणूस नेमावा आणि नागरिकांचे फॉर्म तपासून दुरुस्त करून घ्यावेत. शिकण्याचा खर्च घरावरून काढून संस्थांवर टाकण्याची ही सगळ्यात जवळची वाट आहे.

पुण्यात बसलेल्या आम्हा लोकांनी गावी आल्यावर पॅकेज सांगत फिरणं थांबवावं. ‘पोऱ्या पुनाले शे’ एवढ्या तीन शब्दांवर गावात किती कोर्स विकले जातात याचा अंदाज आम्हाला असायला हवा. त्यापेक्षा महिन्यातून एक रविवार कॉलेजात येऊन मुलांचा कोड वाचावा आणि चुका दाखवाव्यात.

आणि ज्याच्या हातात आत्ता क्लासचा फॉर्म आहे त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या वर्षीच्या बॅचच्या सगळ्या मुलांची नावं आणि आजची नोकरी दाखवाल का, निवडक पाच जणांची नको? फीचा हप्ता कोणाच्या नावावर आहे आणि क्लास बंद पडला तर काय? शिकवणारा माणूस शेवटचा खऱ्या प्रोजेक्टवर कधी होता? तिन्हींची उत्तरं लेखी मागा. लेखी म्हटल्यावर समोरच्याचा आवाज बदलला तर उठून या.

तोवर एक महिना ओळखीच्या झेरॉक्स सेंटरवर बसा. लोकांचे फॉर्म कुठे अडकतात ते वहीत लिहा. त्यातला एक फॉर्म तुम्ही स्वतः असा बनवा की तो तुमच्या आईला तिच्या फोनवर, मराठीत, कोणाला न विचारता भरता येईल. ते जमलं तर तुम्ही या कामासाठी आहात, आणि पुढचं शिकणं फुकट उपलब्ध आहे. नाही जमलं, कंटाळा आला, तर तेही एका महिन्यात कळेल. १ लाख ८० हजार घरातच राहतील, आणि जूनमध्ये बियाण्याला लागतीलच.